वाढवलेलं दुकान

काच कापणारा काच कापत नाही. तो तिच्यावर हिऱ्याच्या टोकानं एक ओरखडा काढतो आणि मग दोन्ही अंगठ्यांनी तिला समजावतो, की वेगळं व्हायचंच असेल तर इथूनच हो.

*

कोट चांगला होता. ज्यानं तो दान केला त्याचे हात मात्र आखूड असावेत.

*

चादरीला चार कोपरे. दोन आपले, दोन पलीकडच्याचे.

*

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. मुलगी बोलायला लागली तेव्हाच हे शिकली होती.

*

नव्या घराच्या खिडकीची चौकट काटकोनात नव्हती. त्याला ते पहिल्याच दिवशी दिसलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

*

"जिवाची भीती असलेला माणूस दुकान वाढवत नाही."

*

हे शेवटचं वाक्य साहेबांचं. या देशात आसरा मिळावा म्हणून केलेला अर्ज नामंजूर करताना साहेबांनी ते आपल्या भाषेत लिहिलं, वकीलबाईंनी मोठ्यानं वाचलं, आणि मुलीनं ते घरच्या भाषेत आणून बापाच्या पुढ्यात ठेवलं. वकीलबाईंचं कार्यालय एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर होतं. खोलीभर खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. बापलेक दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

बाप तिकडे, स्वतःच्या गावात, तसबिरी मढवायचा. लाकडाची पट्टी कापायची, कोपरे जुळवायचे, काच बसवायची, मागून पुठ्ठा ठोकायचा. गावानं त्याचं नाव तसबीरवाला ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की शाळेत मुलीला 'तसबीरवाल्याची' म्हणूनच हाक मारायचे. लग्नातले फोटो, बक्षीस घेतानाचे फोटो, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो. मग तिकडे माणसं नाहीशी व्हायला लागली. आया येऊ लागल्या. पदराआडून मुलाचा फोटो काढायच्या आणि म्हणायच्या, चांगली काच लाव. डिंक वाळेपर्यंत तो ते फोटो दर्शनी काचेत रस्त्याकडे तोंड करून उभे करी. डिंक वाळला तरी पुष्कळ आया न्यायला येईनात. म्हणायच्या, राहू दे तुझ्याकडेच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो तरी. पुढे काही लोक सांगून गेले, काढ हे. त्यानं काढले नाहीत. तेच लोक मग सांगायला न येता आले आणि दर्शनी काच फोडून गेले.

त्याच्या दुकानात 'काच फुटली' म्हणायची सोय नव्हती. इतक्या लोकांची माणसं भिंतीवर बघत असताना फुटली कसं म्हणणार? काच हातातून निसटली तर 'वाढली' म्हणायचं, की झालं. त्या दिवशी पहिल्यांदा तो 'फोडली' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव सोडलं.

"म्हणजे काय?" वाक्य ऐकून तसबीरवाला मुलीला म्हणाला. "भीती वाटली म्हणूनच तर वाढवलं! सांग बाईंना."

मुलीनं सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या काहीतरी सावकाश बोलल्या, थकलेल्या डॉक्टरसारख्या.

"बाबा, बाई म्हणतायत, भीती वाटली तर दुकान मोठं का केलंत? लहान केलं असतं तर समजू शकले असते."

"मोठं? मोठं कुणी केलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना. त्या पहिल्या मुलाखतीत. 'मग आम्ही दुकान वाढवलं आणि निघालो.' मीच तर सांगितलं साहेबांना." तिनं पेन्सिलीचं टोक दातात धरलं. "मलापण तेव्हा वाटलं होतं, कधी वाढवलं? मला काही आठवत नव्हतं. म्हटलं, असेल, मी लहान होते."

त्या खोलीत पंखा होता. बंद होता. तसबीरवाल्यानं मान वर करून पंख्याकडे पाहिलं, कारण कुठेतरी पाहायला हवं होतं.

पहिल्या मुलाखतीला दुभाषी मिळाला नव्हता. यांची भाषा येणारा माणूसच आमच्या यादीत नाही, असं कचेरीतले लोक म्हणाले. मुलगी नुकती नव्या शाळेत रुळली होती आणि तिची इथली भाषा झऱ्यासारखी धावायला लागली होती. 'पोरगी बोलते की छान,' असं म्हणून त्यांनी तिलाच मधल्या खुर्चीवर बसवलं. सबंध सकाळ बाप बोलला आणि ती बोलली. बाप रडला तिथे ती थांबली, बापानं डोळे पुसले की पुन्हा सुरू. शेवटी साहेबांनी तिला शाब्बास म्हटलं. घरी आल्यावर बापानं बायकोला तीनतीनदा सांगितलं, साहेब शाब्बास म्हणाले हिला.

दिवसाचं काम संपवून शटर खाली ओढणं म्हणजे दुकान वाढवणं. कायमचं ओढलं तरी तेच. 'बंद केलं' असं तोंडातून काढायचं नसतं, धंद्याला बरं नसतं. हे त्याला बापानं सांगितलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं. मुलीला कुणी सांगायचं? तिच्या आईचं माहेर सरळ बोलणारं. साखर संपली की त्या घरात संपलीच म्हणत. आणि इकडे आल्यापासून वाढवायला दुकानच नव्हतं. मुलीच्या कानावर जे 'वाढणं' आलं ते एवढंच: पोर वाढते, भाडं वाढतं, आई जेवायला वाढते.

"बाबा? काय सांगू बाईंना?"

तिच्या कपाळावर केसांची एक बट आली होती आणि ती फुंकर मारून उडवत होती. लहानपणी दुकानात मोजपट्टीशी खेळताना अगदी अशीच.

"फळ्या," तसबीरवाला म्हणाला.

"काय?"

"फळ्या टाकल्या होत्या. मागच्या भिंतीला. तेवढंच वाढवलं. सुताराला आधीच शब्द दिला होता, मागे कसं घेणार?"

मुलीनं सांगितलं. वकीलबाईंनी नाक मुरडलं, पण लिहून घेतलं. खोटं पाहुण्यासारखं असतं. दार उघडलं की त्याला बसायला द्यावं लागतं, मग पाणी, मग जेवण. सुतार कोण? होता एक. फळ्या कसल्या? सागाच्या. घरी परतेपर्यंत त्या फळ्यांवर धूळही बसली होती.

*

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" बायको म्हणाली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायची, आणि घरी आल्यावरही तिच्या बोलण्याला सुरीची धार असायची. मुलगी वाचनालयात गेली होती. "अहो, एका शब्दाची गोष्ट! उद्या जा आणि सांगा त्या बाईला, की पोर चुकली."

"कुणाच्या तोंडून सांगू?"

"म्हणजे?"

"बाईंना आपली भाषा येत नाही. मला त्यांची. मी म्हणणार, 'माझ्या मुलीची चूक झाली.' आणि हे तिकडे कोण सांगणार? तीच. स्वतःच्या तोंडानं."

 बायकोनं मनातल्या मनात सगळी माणसं तपासून पाहिली असावीत.

"शिंपीदादा?"

"त्याची इथली भाषा मापापुरती. छाती, कंबर, बाही."

घरात तोंडं तीन, पण बाहेर चालणारं एकच. भाडेकरार त्या तोंडानं केला होता, दातदुखी त्या तोंडानं सांगितली होती, आईचं बायकांचं दुखणंसुद्धा त्याच तोंडानं, मान खाली घालून. तक्रार करायची तर तीही त्याच तोंडातून जायला हवी.

"आणि परत पाठवलं तर?"

"तर जाऊ. पण 'माझ्यामुळे' असं म्हणत ती जाणार नाही."

"वा!" बायको म्हणाली. "म्हणजे पोरीला त्या लोकांच्या दारात नेऊन उभी कराल, पण तिला वाईट वाटू देणार नाही. कसला लाड हो हा?"

 तो उठून खिडकीपाशी गेला आणि त्या वाकड्या चौकटीवरून बोट फिरवत राहिला.

"फेरसुनावणीच्या आत सांगा," ती पाठमोरीच म्हणाली. "नाहीतर मी सांगेन. मला काही तुमच्यासारखे मखमली शब्द येत नाहीत. पोरगी माझ्याकडून ऐकेल तर सोलून निघेल."

*

रुग्णालयाच्या धुलाईघरात तसबीरवाला चादरी घडी करायचा. गरम रुळांतून चादर बाहेर आली की दोन टोकं त्यानं धरायची, दोन समोरच्यानं. समोरचा भलत्याच मुलखातला. दोघांच्या भाषा इतक्या लांबच्या की एकमेकांना शिवीसुद्धा देता येत नसे. बोलायचं ते इथल्या भाषेच्या तुकड्यांत. तसबीरवाला त्याला मनात 'पलीकडचा' म्हणायचा. पलीकडच्यानं याचं नाव 'कोपरा' ठेवलं होतं, कारण याची घडी काटकोनात बसायची आणि मुकादमीण ती इतरांना दाखवायची.

"कोपरा," पलीकडचा त्या दिवशी म्हणाला, "आज कोपरा नाही. आज गोल."

खरंच चादर तिरपी गेली होती. दोघांनी पुन्हा झटकली.

"घर? बायको? भांडण?"

"मुलगी," तसबीरवाला म्हणाला. आणि मग त्याच्याजवळ होते नव्हते ते सगळे शब्द काढून त्यानं सांगायचा प्रयत्न केला. मुलगी. साहेब. बोलली. चूक बोलली. मुलीला माहीत नाही. मला माहीत.

पलीकडच्याला भलतंच चटकन कळलं. तो एवढा हसला की त्याच्या हातातली टोकं सुटली.

"माझा मुलगा!" तो म्हणाला. "माझा मुलगा, मी किती वर्षांचा, चूक बोलला. इथे कागदावर मी म्हातारा! बायकोच्या बापापेक्षा म्हातारा! सासरा मला काका म्हणतो!"

"मुलाला सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

पलीकडच्यानं नवी चादर ओढली. तो आता हसत नव्हता. "आधी रडला. मग हसला. आता मी रागावलो तर तो म्हणतो, आजोबा, शांत." त्यानं टोकं पुढे केली. टोकाला टोक लावायला दोघं जवळ आले तेव्हा तो हळू म्हणाला, "पण कोपरा, मी चुकीच्या वयाचा इथे एकटा नाही. मुलगा पण माहीत. दोन माणसं माहीत."

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी बापलेक कोट आणायला गेले. शिंपीदादा त्यांच्याच गावाकडचा. सगळ्या शहरात त्यांच्या भाषेतला दुसरा माणूस म्हणजे हा एकच. बाजाराच्या जिन्याखाली त्याचा गाळा: एक मशीन, एक आरसा, वर गुंडाळलेलं पत्र्याचं शटर. उंची अशी की शिंपीदादाच तेवढा ताठ उभा राहू शकायचा, आणि तोही पुरता नाही.

"या या, तसबीरवाले! अरेच्चा, ही केवढी झाली! तुला काय खत घालतात का गं घरी?"

"चादरी घालतात," मुलगी म्हणाली. "रोज चादरींवरच बोलणं असतं."

"बापाची जीभ आहे हो हिला. घाला बघू कोट." त्यानं खांद्यावर हात फिरवला, बाहीचं टोक मनगटावर ओढलं. "बाह्या वाढवल्यात बघा. आत कापड दाबून ठेवलेलं होतं, देणाऱ्याच्या शिंप्याचे उपकार. आता साहेबासमोर मनगटं दिसणार नाहीत."

"छान वाढवल्यात," मुलगी म्हणाली.

 आरशात तसबीरवाल्याला तिघंही दिसत होते. तो शब्द पुन्हा येणार हे त्याला दिसलं, रस्त्यावरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या ओळखीच्या माणसासारखं, आणि वळायला गल्ली नव्हती.

"दादा, निघतो आम्ही," तो घाईनं म्हणाला. "चल गं."

"थांबा की! मीपण येतो कोपऱ्यापर्यंत. आता गिऱ्हाईक कोण येतंय? पोरी, जरा ती खुर्ची आत घे. दुकान वाढवतो आणि निघूच."

मुलीनं खुर्ची आत घेतली. मग ती आजूबाजूला पाहू लागली. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला भिंत, मागे मोरी. ती हसली. "कुठे वाढवणार, दादा? जागा कुठे आहे?"

"जागा कशाला लागते?" शिंपीदादा म्हणाला, आणि हात उंचावून त्यानं शटर खाली ओढलं.

पत्र्याचा खडखडाट झाला आणि संपला. शिंपीदादानं कुलूप घातलं, ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली. "हां. वाढवलं. चला."

मुलगी शटरकडे बघत उभी होती. एखादा अपघात झाल्यावर लोक रस्त्याकडे बघतात तशी. मग तिनं बापाकडे पाहिलं. बाप नव्या लांबीच्या बाह्यांत हात ओढून घेऊन उभा होता.

शिंपीदादा कोपऱ्यापर्यंत एकटाच बोलत आला. कोपऱ्यावर "येतो" म्हणून गेला.

*

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं."

"हो."

"बाईंच्या तिथे. पंख्याकडे बघत होतात."

"हो."

"आणि फळ्या?"

"नव्हत्या फळ्या."

ती पुढे चालू लागली. तो मागे. पदपथ रुंद होता, दोघं शेजारी सहज मावले असते.

"'येते' म्हणजे 'जाते', हे मला माहीत आहे," ती मागे न बघता म्हणाली. "ते शिकवलंत. हे का नाही शिकवलंत?"

"वेळच आली नाही."

"मी तुमच्या जागी बोलत होते, बाबा! इतकी वर्षं! डॉक्टरकडे, शाळेत, सगळीकडे. मला वाटायचं, मी पोचवते सगळं. आणखी काय काय चुकवलंय मी?"

"काही नाही. एवढंच."

"तुम्हाला काय माहीत? तुम्हाला तिकडची बाजू कुठे कळते?"

हे खरं होतं. तो थांबला. तीही थांबली, पण तोंड फिरवून. मुलगी रडत होती आणि बाप उभा होता. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं, पण त्या हातावर दुसऱ्याची बाही होती.

"माझ्यावर रागवायचं तरी होतंत," ती म्हणाली. "बाकीच्यांचे बाप रागावतात. तुम्ही मला काचेत घातलंत आणि भिंतीवर लावलंत."

 आयांची जी मुलं तसबीरवाल्यानं काचेत घातली होती त्यांतलं कुणी पुन्हा घरी आलं नव्हतं.

"उद्या मी सांगणार सगळ्यांना," ती नाक पुसत म्हणाली.

"तू नाही. उद्या दुभाषी आहे. मी सांगतो."

"काय सांगाल?"

"तेच. जे तेव्हा म्हणालो होतो."

*

या वेळी दुभाषी मिळाला होता, पण तो एका डबीत होता. टेबलाच्या मधोमध फोनची काळी डबी, आणि तिच्यातून दुसऱ्या कुठल्यातरी शहरातून येणारा एका वयस्क बाईचा आवाज. मुलगी आणि आई मागे भिंतीलगत बसल्या होत्या. मुलीनं बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मधली खुर्ची रिकामी.

"नमस्कार दादा," डबी म्हणाली. "मी बोलतेय ते ऐकू येतंय ना?"

 घराबाहेरच्या कुणी तसबीरवाल्याला त्याच्या भाषेत, काही विकत घ्यायचं नसताना, दादा म्हटल्याला फार दिवस झाले होते.

"येतंय, ताई."

साहेब बोलले. डबी बोलली. गाव कोणतं, धंदा कोणता, फोटो कुणाचे, काच कुणी फोडली. जिना उतरावा तसे ते एकेक पायरी त्या वाक्यापाशी आले.

"साहेब विचारतायत, निघायच्या आधी दुकान मोठं का केलंत?"

वकीलबाई फळ्यांचं पान काढून तयार होत्या. तसबीरवाल्यानं मागे पाहिलं नाही.

"मोठं नाही केलं, ताई. आम्ही दुकान वाढवलं आणि निघालो."

डबीनं साहेबांच्या आधी त्यालाच विचारलं.

"वाढवलं म्हणजे... नेहमीसारखं? शटर ओढून?"

"शटर ओढून. पण नेहमीसारखं नाही. शेवटचं."

मग आवाज साहेबांच्या भाषेत बोलला. बोलणं लांबलं, पण त्यात एक शब्द आला आणि तो तसबीरवाल्याला कळला. हा शब्द इथे प्रत्येक दुकानाच्या दारावर दोऱ्यानं टांगलेला असतो. धुलाईघरातून परतताना रोज संध्याकाळी रस्ताभर तोच वाचत तो घरी यायचा. पाटी उलटी केली की 'उघडं', सुलटी केली की हा. इतकी वर्षं हा शब्द आणि घरचा 'वाढवणं' दोन्ही त्याच्या खिशात होते आणि एकमेकांना भेटले नव्हते.

वकीलबाईंनी हातातलं पान पालथं घातलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा पुढचा प्रश्न मऊ नव्हता, हे भाषा न कळताही कळत होतं.

"साहेब म्हणतायत, मग वकिलांना फळ्या कशा सांगितल्यात? ते खोटं होतं का?"

"खोटं होतं."

"का बोललात?"

"मुलगी शेजारी बसली होती."

डबीतून काही आलं नाही. साहेबांनी डबीकडे पाहिलं, वकीलबाईंनीही. साहेबांच्या कारकुनानं तिच्यावर बोटाची टिचकी मारली.

"आवाज नाही का पोचला, ताई?" तसबीरवाल्यानं विचारलं.

"पोचला," डबी म्हणाली.  मग तिनं ते साहेबांना सांगितलं. यांच्या भाषेत चार शब्दांचं वाक्य होतं. त्यांच्या भाषेत ते बरंच लांब झालं.

साहेबांनी लिहिलं. नंतर मान वर करून त्यांनी, त्या दिवशी कदाचित पहिल्यांदाच, भिंतीलगतच्या मुलीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. शाब्बास वगैरे कुणी म्हणालं नाही.

*

बाहेर पायऱ्यांवर तिघं बसले. आईनं डबा उघडला. आत पोळीचा तुकडा आणि कापलेली फळं.

"असे आणखी कोणते शब्द आहेत?" मुलीनं विचारलं.

"कसे?"

"जे तुम्ही एक म्हणता आणि असतं दुसरं."

तो आठवू लागला. "काच फुटली म्हणत नाही आम्ही. वाढली म्हणतो. आणि माझी आई दिवा विझव म्हणायची नाही. दिवा वाढव म्हणायची."

मुलीनं फळाची फोड हातातच धरून ठेवली. "म्हणजे जे जे संपतं ते सगळं तुमच्यात वाढतं?"

"तुमच्यात काय?" आई म्हणाली. "तुझं पण तेच गाव आहे. आणि मी सांगते ते ऐक, हे फळ संपलं म्हणजे संपलं. शेवटची फोड आहे, खा."

मुलगी हसली नाही. पण तिनं फोडीचे दोन तुकडे केले आणि एक बापाच्या हातावर ठेवला.

निकाल पुढे लागला. राहू दिलं. पण खोट्या फळ्यांसाठी साहेबांनी त्यात एक कडक वाक्य घातलं होतं. ते मुलीनं बापाला वाचून दाखवलं, घरच्या भाषेत, एक शब्दही मऊ न करता. तो मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "कळलं ना नीट? की पुन्हा सांगू?" तो म्हणाला, "पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं.

गाव सोडून निघायच्या दिवशी दुकानाचं शटर वीतभर वरच अडकलं होतं. मुलगी दोन्ही पायांनी त्याच्या कडेवर उभी राहिली, तेव्हा ते खाली बसलं.